हिशेब बरोबर आहे. हरवलेले पाच ओहम तुमच्या वायरिंगमध्ये शोधा

गोव्यातल्या पेडणे तालुक्यातून तुम्ही विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे दुसऱ्या कुणी वाचलं तरी धागा सापडेल. पाहुण्यांना देण्यासाठी तुम्ही घरामागे दोन खोल्या काढल्या आणि तिथे २५ लिटरचा, २००० वॅटचा नवा गीझर बसवला. पाणी तापायला पाऊण तास लागतो. म्हणून क्लॅम्प मीटर आणि मल्टिमीटर आणून तुम्ही स्वतः मोजलंत. हॉलमधल्या सॉकेटवर २२८ व्होल्ट. गीझर चालू असताना त्याच्या एका वायरभोवती क्लॅम्प लावला तर ७.२ अँपिअर. पिन काढून, थर्मोस्टॅट चालू ठेवून मल्टिमीटर पिनेच्या दोन दांड्यांना लावला तर २६.५ ओहम. मग सूत्रं वापरली. २२८ गुणिले ७.२ केलं तर १६४२ वॅट, २२८ भागिले ७.२ केलं तर ३१.७ ओहम. वॅट गीझरच्या पाटीशी जुळत नाहीत आणि ओहम मल्टिमीटरशी जुळत नाहीत. दुकानदाराने खोटा माल दिला, मीटर बिघडलाय, की सूत्र लावण्यात चूक होतेय, असं तुम्ही विचारलंय. शेवटी विहिरीच्या पंपाचाही एक आकडा दिलाय; तो वेगळा विषय आहे, त्याकडे नंतर येतो.

उत्तर आधी सांगतो, कारण ते तातडीचं आहे. गीझर चांगला आहे. दोन्ही मीटर ठीक आहेत असं मला वाटतं. सूत्रंही बरोबर आहेत. ३१.७ आणि २६.५ यांच्यातला जो ५.२ ओहमचा फरक तुम्हाला चूक वाटतोय, ती चूक नाही. तो रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, खरोखर अस्तित्वात आहे. विजेच्या खांबापासून गीझरच्या पिनेपर्यंतच्या वाटेत तो कुठेतरी बसलाय आणि गीझर चालू असेपर्यंत तापतोय. कुठे आहे ते सापडेपर्यंत गीझर बंद ठेवा.

आता हे कशावरून म्हणतो ते सांगतो.

गीझरच्या पाटीवर २००० वॅट लिहिलेलं असतं, पण शेजारी २३० व्होल्टही लिहिलेलं असतं, आणि ही दोन्ही वाक्यं एकत्र वाचायची असतात. कारखान्यातून गीझर बाहेर पडतो तेव्हा त्याच्यात वॅट भरलेले नसतात. भरलेला असतो तो फक्त रोध. एलिमेंटमधली तार किती जाड, किती लांब, यावर तो ठरतो आणि मग जवळजवळ बदलत नाही. वॅट किती निघतील हे त्याच्या दोन टोकांना व्होल्टेज किती मिळतं त्यावर ठरतं. व्होल्टचा वर्ग करायचा आणि ओहमने भागायचं. २३० चा वर्ग ५२९००, त्याला तुमच्या २६.५ ने भागा: १९९६ वॅट. पाटीवर २००० आहे. एवढं जुळलेलं मोजमाप मी फार वेळा पाहत नाही. दुकानदारावरचा संशय इथेच संपतो, आणि तुम्ही त्याला काही बोलून आला असाल तर कृपा करून त्याला हे सांगा.

मग कमी काय पडलं? गीझरमधून ७.२ अँपिअर वाहतात आणि त्याचा रोध २६.५ आहे, तर त्याच्या टोकांना व्होल्टेज असणार ७.२ गुणिले २६.५, म्हणजे १९१ व्होल्ट. तुम्ही वापरलेले २२८ व्होल्ट हॉलमधले, आणि तुमच्या लिहिण्यावरून ते गीझर बंद असताना मोजलेले दिसतात. अँपिअर मात्र गीझर चालू असतानाचे. एक आकडा एका जागेचा आणि एका वेळेचा, दुसरा दुसऱ्या जागेचा आणि दुसऱ्या वेळेचा. हे दोन एकत्र करून निघालेला रोध एकट्या गीझरचा होत नाही; तो गीझर अधिक मधल्या सगळ्या वाटेचा होतो. २२८ मधून १९१ गेले, उरले ३७ व्होल्ट. ते ७.२ अँपिअर वाहत असताना वाटेत खर्च होतात. ३७ (बारकाईने ३७.२) गुणिले ७.२ केलं तर सुमारे २६८ वॅट.

हा आकडा नुसता वाचून सोडू नका. सोल्डरिंगची साधी इस्त्री २५ वॅटची असते आणि तिच्या टोकाला शिसं-कथील वितळतं. तुमच्या भिंतीत, बोर्डात किंवा खांबावर अशा दहा इस्त्र्या लावून ठेवल्यासारखं आहे.

गीझरच्या वाट्याला उरतात १३७४ वॅट. पाण्याचा हिशेब करून पाहा. २५ लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला साधारण ३१४० किलोज्यूल लागतात. २००० वॅटने ते २६ मिनिटांत होतं, १३७४ वॅटने ३८ मिनिटं. टाकीतून बाहेर जाणारी उष्णता धरली की तुमचा पाऊण तास येतो. म्हणजे घड्याळसुद्धा तेच सांगतंय. व्होल्टेज १७ टक्क्यांनी पडलं तर वॅट १७ टक्क्यांनी पडत नाहीत, ३१ टक्क्यांनी पडतात, कारण व्होल्टेज कमी झालं की अँपिअरही कमी होतात आणि दोन्हींचा गुणाकार दुहेरी मार खातो.

वाटेत थोडा रोध सगळीकडे असतोच, त्याला इलाज नाही. किती असावा याचा अंदाज मात्र पाहिजे. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीचा रोध किलोमीटरला सात ते आठ ओहम धरा. तुमच्या मागच्या खोल्या बोर्डापासून २० मीटरवर असतील, तर जाऊन-येऊन ४० मीटर, म्हणजे ०.३ ओहम. जाऊन-येऊन का, तर फेजमधून गेलेली वीज न्यूट्रलमधून परत येते आणि दोन्ही वायरी रोध देतात; हिशेबात हे अर्धं राहून जातं. खांबापासूनची सर्व्हिस वायर ॲल्युमिनियमची, ३०-३५ मीटर, तिचा आणखी अर्धा ओहम धरू. सगळं मिळून एक ओहमच्या आत बसायला पाहिजे. तसं असतं तर तुमच्या क्लॅम्पवर ८.३ अँपिअर दिसले असते, गीझरला २२० व्होल्ट मिळाले असते आणि १८०० वॅटच्या वर ताकद आली असती. कुणाचीच तक्रार नसती. समजा कुणी पैसे वाचवायला आत एक चौरसची बारीक वायर घातली असेल, तरी तिचे ४० मीटर मिळून ०.८ ओहमच होतात. पाच ओहम नुसत्या वायरीतून यायला एक चौरसची वायर अडीचशे मीटर लागेल. तुमचं घर एवढं लांब नाही. म्हणून हे सैल किंवा गंजलेल्या जॉईंटचं काम आहे.

इथे मला काही गोष्टी परिस्थितीवर सोडाव्या लागतात. मल्टिमीटरच्या दोन केबलींचाच ०.२-०.३ ओहम असतो. टोकं एकमेकांना लावून तो आकडा वजा करायचा असतो. स्वस्त क्लॅम्प मीटर दोन-तीन टक्के इकडेतिकडे दाखवतो. आणि तुम्ही व्होल्ट दुपारी मोजले असतील आणि अँपिअर संध्याकाळी सातला, तर मधल्या वेळात खांबावरचंच व्होल्टेज पडलेलं असू शकतं. संध्याकाळी गावात सगळ्यांचे पंखे, फ्रिज, एसी एकदम चालतात; चवथीच्या दिवसांत तर घराघरांत माटोळीभोवती, म्हणजे गणपतीवर बांधलेल्या फळापानांच्या चौकटीभोवती, दिव्यांच्या माळा असतात. लो टेन्शनच्या ग्राहकाला २३० व्होल्टच्या खाली-वर ६ टक्के, म्हणजे २१६ ते २४४ व्होल्ट, ही मर्यादा आपल्याकडे पूर्वीपासून धरली जाते. खांबावरच २१० आहे असं दिसलं तर पाच ओहममधला काही भाग कागदावरचाच ठरेल. तरी सगळा फरक त्यातून जाणार नाही, म्हणून सावधगिरी आत्ताच घ्या म्हणतो.

ज्यांच्या नावावरून ओहम हे माप आलं, त्या खुद्द ओम यांनाही हीच अडचण आली होती, हे मला नेहमी आठवतं. गेऑर्ग ओम जर्मनीत कोलोनला शाळेत शिकवत असताना व्होल्टाच्या बॅटरीवर प्रयोग करत होते. वीज वाहायला लागली की बॅटरीचंच व्होल्टेज उतरायचं आणि आकडे जुळेनात. १८२५ मध्ये त्यांनी त्यावरून मांडलेला नियम चुकीचा निघाला. मग पोगेनडॉर्फ या भौतिकशास्त्रज्ञाच्या सुचवण्यावरून त्यांनी बॅटरी सोडली आणि तांबं व बिस्मथ यांचा जोड घेतला. त्याचं एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरं बर्फात ठेवलं की व्होल्टेज अगदी थोडं पण स्थिर मिळायचं. १८२६ मध्ये आकडे जुळले. भार पडला की उगमाचं व्होल्टेज बदलतं, ते गृहीत धरायचं नाही, त्याच क्षणी मोजायचं, हे त्या साध्या सूत्रामागचं कष्टाचं ज्ञान आहे.

आता जागा कशी शोधायची. पहिली चाचणी काहीही न उघडता होते. मल्टिमीटर हॉलमधल्या सॉकेटला लावून ठेवा. घरातल्या कुणाला तरी गीझर एक मिनिट चालू करायला आणि मग बंद करायला सांगा. आकडा किती पडतो ते बघा. २२८ वरून २२३-२२४ पर्यंतच आला, तर खांब, सर्व्हिस वायर, मीटर, मेन स्विच इथपर्यंतची वाट चांगली आहे आणि दोष गीझरच्या स्वतःच्या लाईनवर, म्हणजे बोर्ड ते मागची खोली यांच्यात आहे. पण हॉलमधलं व्होल्टेजही दोनशेच्या आसपास घसरलं, हॉलचा पंखा मंदावला, तर दोष सगळ्या घराला सामाईक असलेल्या वाटेत आहे: मेन स्विच, किटकॅट फ्यूज, मीटरचे टर्मिनल, किंवा खांबावरचा जोड. खांबापासून मीटरपर्यंतचं सील असलेलं काहीही तुम्ही किंवा तुमच्या वायरमनने उघडायचं नाही. तिथे वीज खात्याच्या लाईनमनला बोलवा आणि हेच दोन आकडे, गीझर बंद असतानाचा आणि चालू असतानाचा, त्याला लिहून द्या. नुसतं ‘व्होल्टेज कमी येतं’ म्हणण्यापेक्षा त्याला काम करणं खूप सोपं जातं.

दुसरी चाचणी परवाना असलेल्या वायरमनने करायची, कारण ती चालू लाईनवर आहे. गीझर चालू ठेवून तो एकेका टप्प्यावर व्होल्टेज मोजत पुढे जाईल: मीटरच्या बाहेर, मेन स्विचच्या वर आणि खाली, एमसीबीच्या (जास्त अँपिअर वाहिले की आपोआप पडणाऱ्या स्विचच्या) वर आणि खाली, स्विचवर, सॉकेटवर. चांगल्या जोडावर वरच्या आणि खालच्या आकड्यात फरक दिसतच नाही म्हणा. जिथे एकदम दहा-पंधरा व्होल्ट गळतात तिथे हात ठेवायचा, अर्थात मेन बंद करून मग.

माझा अंदाज विचाराल, तर २६८ वॅट एकाच स्क्रूवर बसलेले नाहीत. तसे असते तर तो जोड पहिल्याच आठवड्यात काळा पडून तुटला असता. दोन-तीन ठिकाणी वाटले गेले असणार. तुमचं मूळ घर चिरेबंदी, जुनं, असं लिहिलंय. अशा घरांत लाकडी पट्टीवरची ॲल्युमिनियमची वायर अजून असते. नवीन खोल्यांना तांब्याची वायर ओढताना पुष्कळदा ती जुन्या ॲल्युमिनियमला पीळ देऊन, टेप गुंडाळून जोडलेली असते. तांबं आणि ॲल्युमिनियम असं थेट एकत्र नांदत नाही. ॲल्युमिनियमवर हवेतच एक पातळ थर चढतो आणि तो वीज वाहू देत नाही. शिवाय तापलं की ॲल्युमिनियम तांब्यापेक्षा जास्त फुगतं, थंड झालं की आक्रसतं, आणि रोजच्या त्या आवळण्या-सुटण्यात जोड सैल होत जातो. सैल झाला की रोध वाढतो, रोध वाढला की आणखी तापतो. त्यात आपला पावसाळा आणि पेडण्याच्या किनाऱ्याचं खारं वारं. मोरजी-मांद्र्याकडच्या घरांत मी दोन वर्षांपूर्वी बसवलेले पितळी स्क्रू हिरवे पडलेले पाहिलेत.

या बाबतीत मी इतकं आग्रहाने का लिहितोय तेही सांगतो. मी कामाला लागलो त्या पहिल्या वर्षांत साखळीजवळच्या एका घरात गीझर तापत नाही म्हणून मला बोलावलं. एलिमेंट गेलाय असं समजून मी तो बदलला. महिन्याने परत तीच तक्रार, मी परत बदलला. गीझरच्या टर्मिनलवर, तो चालू असताना, व्होल्टेज किती आहे हे मी एकदाही मोजलं नव्हतं. तिसऱ्या वेळी त्या घरातल्या आजी म्हणाल्या, सोप्यावर भाजल्यासारखा वास येतो. तिथली लाकडी पट्टी काढली तर आत असाच पीळ दिलेला जोड होता आणि पट्टीचा कोळसा होऊन तो वरच्या वाशापर्यंत पोचला होता. त्या घरात तेव्हा दोन लहान मुलं होती. त्यानंतर मी कुठल्याही तक्रारीत पहिला आकडा भार चालू असताना, उपकरणाच्या टोकाशी घेतो.

आणि त्या घरात फ्यूज गेला नव्हता, तुमच्याकडेही एमसीबी पडला नाही. लोकांना वाटतं एमसीबी आहे म्हणजे आगीपासून संरक्षण आहे. एमसीबी जास्त अँपिअर पाहतो. सैल जोड तर अँपिअर कमी करतो: तुमच्याकडे ८.३ असायला हवे होते ते ७.२ झाले. १६ अँपिअरच्या एमसीबीला यात वावगं काहीच दिसत नाही. आरसीसीबीलाही (गेलेली आणि परत आलेली वीज ताडून पाहणाऱ्या स्विचलाही) दिसत नाही, कारण जेवढी वीज गेली तेवढी परत आली, जमिनीत काही गळलं नाही. हा दोष पकडायला घरात दुसरं कुठलंही यंत्र नाही. तुमच्या दोन मीटरांचे तीन आकडे आणि एक भागाकार, एवढंच आहे.

दुरुस्ती साधी असते. बोर्डातल्या एमसीबीपासून गीझरच्या १६ अँपिअरच्या सॉकेटपर्यंत अडीचची तांब्याची वायर सलग ओढा, मध्ये एकही जोड नको. २००० वॅटला ती पुरते. जुनं ॲल्युमिनियम कुठे ठेवावंच लागलं तर तांब्याशी जोडताना बायमेटल लग, म्हणजे एका बाजूने तांब्याचा आणि दुसऱ्या बाजूने ॲल्युमिनियमचा जोडतुकडा, वापरायला सांगा. सगळं झाल्यावर परत तीच तीन मोजमापं घ्या. क्लॅम्प आठच्या वर गेला पाहिजे.

गीझरचाच विषय आहे म्हणून अर्थिंगचं एक गणित इथेच सांगून टाकतो. तुम्ही विचारलं नाहीत, पण पाहुणे त्या न्हाणीघरात अंघोळ करणार आहेत. आपल्याकडे जांभ्याच्या जमिनीत एप्रिल-मे महिन्यांत अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि त्याचा रोध वाढतो. समजा तो २० ओहम झाला. गीझरमध्ये फेज बॉडीला लागली, तर खड्ड्यातून वाहणार २३० भागिले २०, म्हणजे ११.५ अँपिअर. १६ चा एमसीबी पडणार नाही आणि गीझरची बॉडी जिवंत राहील. ओल्या अंगाचा रोध हिशेबाला हजार ओहम धरतात, म्हणजे स्पर्श करणाऱ्यातून ०.२३ अँपिअर, २३० मिलिअँपिअर. माणूस दगावायला याच्या पावपट पुरे होतात. म्हणून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी त्या खोल्यांना हवाच, आणि त्याचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघायचं. खड्ड्याचा रोध मल्टिमीटरने मोजता येत नाही, त्याला अर्थ टेस्टर लागतो. तो वायरमनकडून करून घ्या.

आता पंप. तुम्ही लिहिलंय: १ एचपीचा पंप, बंद करून मल्टिमीटर लावला तर ४ ओहम. २२५ भागिले ४ म्हणजे ५६ अँपिअर यायला हवेत, पण क्लॅम्पवर ६.८ येतात. इथे मात्र सूत्र लावण्यातच अडचण आहे. मल्टिमीटर बॅटरीच्या एकदिश विजेने मोजतो आणि त्याला फक्त गुंडाळीचं तांबं दिसतं. घरची वीज सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होते, आणि लोखंडाभोवती गुंडाळलेली तार अशा विजेला तांब्यापेक्षा कितीतरी जास्त अडवते. शिवाय रोटर फिरायला लागला की तोही गुंडाळीत उलटं व्होल्टेज उभं करतो. २२५ भागिले ६.८ म्हणजे ३३ येतात, ते पंपाचे फिरत असतानाचे एकूण अडथळ्याचे ओहम. त्याला इम्पीडन्स म्हणतात. त्यातला तांब्याचा रोध फक्त चारच्या आसपास. रोटर अडकून पंप फिरलाच नाही तर काय होतं ते यावरून कळतं: उलटं व्होल्टेज नाहीसं होतं, अँपिअर अनेक पटींनी वर जातात आणि गुंडाळी जळते. चालू होतानाचा पहिला झटकाही त्याच कारणाने मोठा असतो.

म्हणून पंपाला व्होल्ट गुणिले अँपिअर केलं तरी वॅट मिळत नाहीत. २२५ गुणिले ६.८ म्हणजे १५३० येतात, पण ते व्होल्ट-अँपिअर आहेत. खरे वॅट घरच्या वीज मीटरवरून काढा. त्याच्यावर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी एका युनिटला किती लुकलुकी ते छापलेलं असतं. बऱ्याच मीटरवर ३२०० असतं, तुमच्या मीटरवरचा आकडा वाचा. घरातलं बाकी सगळं बंद करून फक्त पंप चालवा आणि एक मिनिट मोजा. समजा ६० वेळा लुकलुकला. ६० भागिले ३२०० म्हणजे मिनिटाला ०.०१८७५ युनिट, तासाला १.१२५ युनिट, म्हणजे पंप ११२५ वॅट खातोय. ११२५ भागिले १५३० केलं की ०.७४ येतात, तो पॉवर फॅक्टर. एचपीचे ७४६ वॅट हे पंपाच्या दांड्यावर मिळणारं काम. वर जे जातं ते तापण्यात आणि घर्षणात. तुमचा आकडा यापेक्षा खूप वर आला तर बेअरिंग किंवा कपॅसिटर पाहून घ्या. ही लुकलुकी मोजायची पद्धत गीझरलाही लावून बघा, तिथे मात्र व्होल्ट गुणिले अँपिअर आणि मीटर दोन्ही जवळजवळ सारखे येतील.

गीझर आणि पंप यांच्यात आणखी एक फरक आहे आणि तो खिशाला लागतो. व्होल्टेज पडलं की गीझर कमी अँपिअर घेतो, पाणी उशिरा तापतं, नुकसान एवढंच. पंपाला पाणी तेवढंच वर चढवायचं असतं, म्हणून व्होल्टेज पडलं की तो अँपिअर जास्त ओढतो आणि तापतो. कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) लांबवर वायर ओढून पंप चालवणाऱ्यांचे पंप उन्हाळ्यात जळतात ते बहुतेक यामुळे. घराचा सामाईक जोडच सैल निघाला, तर तुमच्या पंपालाही तो रोज थोडा थोडा मारतोय हे लक्षात घ्या.

तुमच्या दुसऱ्या एका ओळीचं उत्तर राहिलं: जुना १०० वॅटचा गोळीचा दिवा मोजला तर ४० ओहमच येतात. ते बरोबर आहे. पेटलेला असताना त्याचा रोध २३० चा वर्ग भागिले १००, म्हणजे ५२९ ओहम असतो. थंड टंगस्टनचा त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. टंगस्टन पांढरं होईपर्यंत तापतं, म्हणून एवढा फरक. गीझरची नायक्रोमची तार पाण्यात बुडालेल्या नळीत असते, ती तेवढी तापत नाही आणि नायक्रोमचा रोध तापमानाने फारसा हलतही नाही. तुमची थंड गीझरची २६.५ ही मोजणी मी निर्धास्तपणे वापरली ती यामुळे. एलईडी दिव्याला मात्र मल्टिमीटर लावू नका, आत सर्किट असतं, येणाऱ्या ओहमला काही अर्थ नसतो.

तर आज संध्याकाळी हॉलमधली ती एका मिनिटाची चाचणी करा आणि दोन आकडे कळवा: गीझर बंद असताना किती, चालू असताना किती. चालू करताना घरातल्या कुणाला तरी बोर्डाजवळ उभं करा. वास आला किंवा तडतड ऐकू आली तर मेन लगेच पाडायचा आणि चाचणी तिथेच सोडायची. त्या दोन आकड्यांवरून वायरमनला बोलवायचं की लाईनमनला, ते मी सांगतो. पाहुणे असतील तर तोपर्यंत पाणी चुलीवर तापवून द्या.